दहा मिनिटं, यशाबद्दल

साखळीच्या सभागृहात मला दहा मिनिटं दिली आहेत.
पत्रिकेवर छापलंय: सुलक्षा परवार, उद्योजिका.
विषय : माझ्या यशाचं रहस्य.

रहस्य असतं तर आधी नवऱ्याला सांगितलं असतं.

खाण बंद पडली तेव्हा आमच्या दारात दोन टिपर होते.
पावसाळ्यात त्यांच्या टायरांभोवती टायकिळा उगवला,
आम्ही त्याची भाजी केली.
त्या वर्षी टिपरांनी दिलेलं उत्पन्न ते एवढंच.

एक टिपर मी विकला आणि भट्टी बांधली.
नवरा अकरा दिवस बोलला नाही.
बाराव्या दिवशी, न बोलताच, विटा वाहू लागला.

पहिल्या भाजणीत तीनशे बारा कप होते.
एकोणीस वाचले.
बाकीचे मांजरीच्या दातांसारखे वाजत राहिले रात्रभर,
एकेक, थंड होता होता.
सकाळी शेजारीण म्हणाली, "कितें गो, लग्न होतं काय?"
ते एकोणीस मी विकले.
लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

आता धुळीबद्दल. हे तुम्हाला लिहून घ्यायचं असेल तर घ्या.
वीस वर्षं मी ती पुसली,
पापडांवरून, पाळण्यावरून,
सासूच्या फोटोच्या काचेवरून.
लाल, मऊ, न संपणारी.
एकदा दमून तीच राखेत कालवली आणि कपांना फासली.
बाराशे अंशांवर ती काळी झाली, कडेला मधासारखी तपकिरी.
पणजीचे लोक विचारतात, हा रंग कुठून मागवता?
मी म्हणते, घरात आहे.

असोळण्याचा पावलू दरवर्षी नवा तियात्र लिहितो.
मडगावला हॉल भाड्याने घेतो, बायकोच्या बांगड्यांवर.
गेल्या खेपेला एक्केचाळीस तिकिटं गेली,
त्यांतली सहा मीच घेतली.
माझ्या तडकलेल्या कपातून चहा पितो तो,
बोट फटीवर दाबून,
आणि पुढच्या नाटकातला पाद्री कसा खोकेल ते करून दाखवतो.
त्याला कुणी या स्टेजवर बोलावलेलं नाही.

आणि उगम च्यारी.
त्याचा कोकम सरबताचा कारखाना होता कुडचिऱ्याला.
माझ्यापेक्षा पहाटे उठायचा.
हिशेब माझ्यापेक्षा नीट. सरबत तर होतंच चांगलं.
चिकाटी म्हणाल तर सात वर्षं चिकटला,
मी चौथ्या वर्षीच रडत होते.
मग एका उन्हाळ्यात बाटल्या फुगल्या, माल परत आला,
बँकेने कुलूप लावलं.
आता तो साखळी–म्हापसा बस चालवतो.
त्याचा ब्लोअर मी लिलावात घेतला, साडेचार हजाराला.
तोच फिरतो माझ्या भट्टीत.
तो वारा नसता
तर आज मला ही खुर्ची मिळाली नसती.

म्हणून मला नीट सांगता येत नाही
माझं कुठलं, नशिबाचं कुठलं, उगमचं कुठलं.
वेगळं करायला गेले की कपासकट टवका निघतो.

समोरचा मुलगा चिठ्ठी दाखवतोय : एक मिनिट.

तर भट्टी कालपासून बंद आहे.
आत चारशे कप, दोन हॉटेलांची ऑर्डर, एक हप्ता.
उघडायला अजून चौदा तास.
आधी उघडली तर गार हवा लागते आणि सगळं जातं,
हात शिवशिवतो, तरी झाकण शिवायचं नाही.
आत काय आहे मला ठाऊक नाही.
तेरा वर्षं झाली, एकदाही ठाऊक नव्हतं.

शाल घेते. नारळही.
गुच्छ राहू दे, बसमध्ये चुरगळतो.

आठ दहाची शेवटची बस.
ड्रायव्हरच्या मागची सीट रिकामीच असते.
उगम आरशातून बघतो, गियर टाकतो,
म्हणतो, "ब्लोअर आवाज करतो काय गो अजून?"
"करतो."
"बेअरिंग," म्हणतो. "रविवारी येतो."